माळावरची वही : गावात निसर्ग मंडळ कसं चालवायचं

आमच्या मंडळाचं पहिलंच काम चुकलं, ते आधी सांगून टाकतो. मे महिन्यात गावाबाहेरच्या गायरानात जेसीबी लावून तीनशे खड्डे घेतले. जुलैत वृक्षदिंडी, टाळ-मृदंग, सरपंचांच्या हस्ते कडुनिंब, पेपरात फोटो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वीसेक रोपं तगली, तीही ओघळीच्या कडेची. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण तिथं शेळ्या राखणारे एक मामा पुढं कधीतरी सहज बोलून गेले, "सर, हितं टिटव्या अंड्यावर बसायच्या. तुमची मशीन आली अन् गेल्या त्या." तिथं आधी काय आहे, हे आम्ही बघितलंच नव्हतं. मोकळी जागा दिसली की झाडं लावायची, एवढंच डोक्यात होतं.

मराठवाड्यात ही चूक फार होते, कारण आपल्याकडं जंगल म्हटलं की लोक गौताळ्याकडं नाहीतर येडशीच्या रामलिंग घाटाकडं बोट दाखवतात. पक्षी म्हटलं की पैठणचा नाथसागर. ही अभयारण्यं आहेतच: जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ सालचं, बीड जिल्ह्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ सालचं. तिथं राखायला वन विभाग आहे. तुमच्या गावाच्या पाठीमागचा माळ, पाझर तलाव, ओढ्याकाठची बाभुळवनं यांना मात्र कोणीच वाली नाही. सरकारी कागदात माळ म्हणजे 'पडीक'. त्या पडीक जमिनीवर काळवीट, खोकड, लांडगा, धाविक (माळावर पळत फिरणारा पक्षी), चंडोल, माळटिटवी यांचा संसार असतो. मंडळ काढायचं ते या जागांसाठी. अभयारण्याची सहल वर्षातून एकदा पुरे.

माणसं

नोंदणी, लेटरहेड, टी-शर्ट यांतलं काहीही पहिल्या वर्षी करू नका. आधी पाच-सहा माणसं जमवा, जी महिन्यातून दोनदा पहाटे साडेपाचला खरंच उठतील. जाहीर सभा घेतली तर चाळीस नावं येतात आणि तिसऱ्या रविवारी तिघं उरतात. त्यापेक्षा तिघांपासूनच सुरुवात केलेली बरी.

शिक्षक आणि कॉलेजची पोरं-पोरी असतीलच. पण ज्याचा दिवस माळावर जातो असा एक तरी माणूस हवाच: मेंढ्या वळणारा धनगर, शेळ्यावाली मावशी, तांड्यावरचा एखादा म्हातारा, पारधी वस्तीवरचा तरुण. पारध्यांना माळाची जी नजर आहे ती आपल्याला दहा वर्षांत येणार नाही. मात्र त्यांना 'वाटाड्या' म्हणून राबवू नका, सदस्य म्हणून घ्या. फेरीमुळं रोज बुडत असेल तर तो भरून द्या. मुलींना यायचं असेल तर दोघी-तिघी मिळून येतील अशी सोय करा आणि एकदा घरी जाऊन आई-वडिलांशी बोला. आमच्याकडं हे केल्यावरच मुली टिकल्या. आज सगळ्यात नीट नोंदी त्यांच्याच असतात.

जागा एकच

सायकलवर किंवा पायी अर्ध्या तासात पोचता येईल अशी एकच जागा निवडा. दोन जागा धरल्या की एकही नीट होत नाही.

मग ती जागा कोणाची, हे काढा. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा बघून घ्या (तलाठ्यांचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकांचं 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात कोणी तसं म्हणत नाही). गटवार नकाशा महाभूनकाशाच्या साइटवरही दिसतो. जमीन वन विभागाची असेल तर वनरक्षकाला भेटल्याशिवाय पाऊल टाकू नका. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला सांगून ठेवा. खासगी पड असेल तर मालकाच्या घरी चहा प्यायला जा. तलाव असेल तर तो कोणत्या खात्याचा आणि मासेमारीचा ठेका कोणाकडं, हेही बघा. वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यक या चौघांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढं चारही लागतात.

वही

हे मंडळाचं मुख्य काम, बाकी सगळं त्याच्यामागून. एक किलोमीटरभर वाट ठरवा. सुरुवात आणि शेवट खुणेनं पक्का करा: पाणंदीच्या टोकाचा हिवर, जुनी खदान, असं. महिन्यातून दोनदा, त्याच वाटेनं, सूर्य उगवायच्या सुमाराला, तेवढ्याच चालीनं जायचं आणि दिसेल ते मोजून लिहायचं. जागा, वेळ आणि चाल बदलली की या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येत नाही.

आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"१४ फेब्रुवारी. ६:५० ते ८:१०. आभाळ निरभ्र, वारा मंद. हिवर ते खदान. काळवीट ११ (काळा नर १, लहान नर १, माद्या ७, पाडसं २). खोकड १, जुन्या बिळापाशी ऊन खात, आमच्याकडं बघून आत गेलं नाही. भोवत्या ३, गवतातून उठल्या. धाविक ०. भोरड्यांचा थवा, मोजता आला नाही, दोनशेच्या वर. कुत्री ४, गावातली, पट्टा नाही. मुरुमाचे ट्रॅक्टर २, खदानीच्या दक्षिणेला."

(भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, भोरड्या साळुंकीच्या कुळातल्या.) यातला 'धाविक ०' हा शून्य महत्त्वाचा. नवी मुलं दिसलं तेवढंच लिहितात. जे दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही तेही लिहायला शिकवा. कुत्री, ट्रॅक्टर, जळालेला पट्टा, नव्यानं घातलेलं तारेचं कुंपण यांचीही नोंद पाखरांइतकीच मोलाची. 'थवा', 'खूप', 'बरेच' हे शब्द आकड्याशिवाय वहीत आणू नका. मोजता आलं नाही तर अंदाज लिहा आणि तो अंदाज आहे हेही लिहा.

साहित्य थोडंच लागतं. आठ बाय चाळीसची एक दुर्बीण सगळ्यांत मिळून पुरते. कॅमेरा नसला तरी चालतं, उलट पहिले सहा महिने नसलेलाच बरा, कारण कॅमेरावाला फोटोमागं जातो आणि मोजणी राहते. ओळख पटवायला मोबाईलवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप आहे. यादी ई-बर्डवर आणि झाडा-किड्यांचे फोटो आयनॅचरॅलिस्टवर टाकले तर बाहेरचे जाणकार चुका दुरुस्त करतात. पण गावातली नावं वहीत आधी लिहा. टिटवीनं चार अंडी घातली की चार महिने पाऊस, वरच्या अंगाला घातली की पाऊस जोराचा, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं राहू द्या. पण अंडी कुठं आणि किती, हे माणसं पिढ्यान् पिढ्या बघत आलीत एवढं तर त्यातून कळतं.

वर्षाचं गणित

मृगाच्या आगेमागे बेडूक, विंचू आणि माळावरचं पहिलं गवत. श्रावणात गवतं ओळखायला शिका: कुसळी, मारवेल, पवन्या. गवत ओळखू येत नाही तोवर माळ कळत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पोळ्यानंतर भोरड्या दिसू लागतात आणि पुढं ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे थवे अंगावर येतात. शेतकरी गोफण घेऊन उभा असतो, पण हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे फस्त करते, हेही त्याला सांगता येतं.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. शाळांना फेरीला न्यायला हा काळ सगळ्यात सोयीचा: थंडी पडायला लागलेली असते आणि पाहुणे पक्षी आलेले असतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा तुमच्या तलावाचा आकडा त्यात जाऊ द्या. चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू, वारकरी एवढे चार ओळखता आले तरी निम्मी गणना होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी तारांत आणि झाडांत अडकलेला मांजा काढायची फेरी ठेवा. विजेच्या तारेला मात्र हात लावायचा नाही, महावितरणच्या माणसाला बोलवायचं. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलला की त्याच्याखाली तासभर बसा. एका झाडावर येणारे पक्षी मोजणं हा मुलांचा सगळ्यात आवडता उद्योग.

मार्च ते जून माळावर कमीत कमी जा. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे चार खड्यांच्या मधला खळगा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. भर दुपारी पाखरू उठवलं तर चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात अंडी काही मिनिटांत बिघडू शकतात. म्हणून या महिन्यांत ठरलेल्या वाटेवरून, ओळीनं एकामागं एक, सकाळी आठच्या आत फिरून परत यायचं.

हात कुठं लावायचा

वर्षभर वही चालली की कामं आपोआप दिसायला लागतात. सगळी अंगावर घेऊ नका. आमच्या अनुभवात फळ देणारी कामं अशी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे विहिरी. आपल्याकडं शेतात बिनकठड्याच्या विहिरी कितीतरी. रात्री खोकड, ससा, रानमांजर, कधी काळवीटसुद्धा त्यात पडतं. एकदा मोटारीच्या पाइपाला दोन्ही पंजांनी मिठी मारून पाण्याच्या वीतभर वर लटकलेलं खोकड आम्ही पाहिलं. रात्रभर तसंच असावं, नखांनी पाइपावर ओरखडे पडले होते. दोरीला टोपलं बांधून सोडलं तर घाबरून सुटलं आणि बुडायला लागलं. शेवटी मालकानं कडब्याच्या गंजीला लावायची जुनी शिडी पोतं गुंडाळून तिरपी लावली आणि सगळ्यांना लांब नेलं. वीस मिनिटांनी ते आपण होऊन वर आलं आणि गेलं. तेव्हापासून वाटेवरच्या प्रत्येक उघड्या विहिरीत पोतं गुंडाळलेली शिडी किंवा खाचा पाडलेला बांबू कायम सोडून ठेवायचा, हा आमचा नियम. मालक नाही म्हणत नाही, कारण मेलेल्या जनावरानं पाणी त्याचंच नासतं. बिबट्या, लांडगा, तरस किंवा मोठं काळवीट पडलेलं असेल तर मात्र आपण उतरायचं नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा आणि माणसांची गर्दी लांब ठेवायची. खरं तर गर्दी हटवणं हेच त्या वेळचं अवघड काम.

दुसरं, गवत. माळावर झाडं का लावायची नाहीत याचं कारण इथं आहे. काळवीट लांबवर बघून आणि पळून जीव वाचवतं, त्याला झाडोरा अडचणीचा. झाड उभं राहिलं की त्यावर कावळे बसतात आणि खालची अंडी टिपतात. गवताच्या मुळ्या जमिनीत ओल धरतात ती वेगळीच. तेव्हा माळावर करायचं ते एवढंच: गवताचं बी पडू द्यायचं. दिवाळीनंतर कापणी, आणि कापतानाही तिसरा हिस्सा उभा ठेवायचा, कारण भोवत्या रात्री उभ्या गवतात जमिनीवर झोपतात. मेंढपाळांशी बसून ठरवता आलं तर एक तुकडा पावसाळाभर चराईला बंद, पुढच्या साली दुसरा. 'चराई बंद' असा बोर्ड परस्पर लावलात तर भांडण होईल, आणि ते तुम्ही हराल. हरायलाही पाहिजे, तो माळ त्यांच्या जनावरांवरच टिकलाय. 'माळ पेटवला की गवत चांगलं येतं' या समजुतीवर वाद घालू नका. एक तुकडा न जळता ठेवून दाखवा.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठ, शाळेचं आवार, बांध, वस्तीचा रस्ता या जागा आहेत. तिथं वड, उंबर, कडुनिंब, करंज लावा. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तण काढायचं तर गाजरगवतापासून सुरू करा. फुलायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून मुळासकट उपटा. उघड्या हातानं उपटलं तर काहींच्या अंगाला खाज सुटते. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते, बुंधा जमिनीखालून खणावा लागतो. शिवाय गावातल्या बऱ्याच चुली तिच्यावर चालतात आणि खोकडांची बिळं तिच्याच आडोशाला असतात. म्हणून एकदम साफ करू नका, पट्ट्यापट्ट्यानं काढा.

पाणवठ्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उन्हाळ्यात सिमेंटच्या बशा ठेवायची आता चढाओढच लागलीय. गावालगत माळावर पाणी ठेवलं की सगळ्यात आधी भटकी कुत्री येतात, मग तीच कुत्री पाडसं मारतात आणि खोकडांना रोगराई देतात. पाणी ठेवायचंच तर वस्तीपासून लांब ठेवा, रोज बशी घासायला माणूस असेल तरच ठेवा, आणि कोण येतं ते वहीत लिहा. त्याआधी पशुवैद्यकांना गाठून गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेणं जास्त मोलाचं.

तलावातला गाळ

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत उन्हाळ्यात गाळ निघतो. त्याला विरोध करायचं कारण नाही. शेताला गाळ हवा, तलावाला खोली हवी. पण ऑपरेटरला कोणी सांगितलं नाही तर तो चारी बाजूंनी उभ्या भिंती कापून तलावाची टाकी करतो. चिखलातले तुतवार, शेकाटे, बगळे यांना गुडघाभर पाण्याची उतरती कड लागते. उभ्या कडेनं गुरं घसरतात, पोरं बुडतात, हे कारण सांगा. पक्ष्यांपेक्षा ते लवकर पटतं. काम सुरू व्हायच्या आधी, मशीन आल्यावर नव्हे, संबंधित शाखा अभियंत्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या: एका बाजूची कड तिरपी ठेवावी, मध्ये मातीचा एक उंचवटा सोडावा, काठावरच्या बाभळी तोडू नयेत. आमच्या तलावात असा उंचवटा राहिला तो ऑपरेटरला दोन दिवस जेवणाचा डबा दिल्यामुळं. अर्जाचा भाग किती आणि पिठलं-भाकरीचा किती, ते मला नक्की सांगता येणार नाही.

लांडगा आणि मेंढरं

लांडग्यानं कोकरू नेलं की दुसऱ्या दिवशी उरलेल्या मढ्यावर विष पडतं, आणि त्यात लांडगाच नव्हे तर तरस, कोल्हा, गिधाड, कुत्रं सगळं मरतं. हे थांबवायचा एकच मार्ग मला दिसलाय: भरपाई वेळेवर मिळवून देणं. लांडग्यानं मारलेल्या जनावराची भरपाई शासन देतं. मेंढपाळाला तालुक्याला जाऊन कागद करायला वेळ नसतो, तो मंडळातल्या दोघांनी द्यावा. त्याच दिवशी वनरक्षकाला फोन करा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू देऊ नका, जखमांचे आणि ठशांचे फोटो घ्या, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स तयार ठेवा. रोही आणि रानडुकरांनी पीक खाल्लं तरी तेच. अशी दोन-तीन प्रकरणं मार्गी लागली की गाव तुमच्याकडं 'पाखरं मोजणारे' म्हणून हसत नाही.

ऊसतोडीच्या काळात आणखी एक फोन हमखास येतो: "बिबट्याची पिल्लं सापडली." बहुतेक वेळा ती रानमांजराची असतात. कोणाचीही असोत, उचलू नका, दूध पाजू नका, सेल्फी नको. वनरक्षकाला कळवा, तोड त्या कोपऱ्यापुरती थांबवा आणि पिल्लं आहेत तिथंच राहू द्या. आई रात्री येऊन नेते. गवतात एकटं बसलेलं काळविटाचं पाडसही अनाथ नसतं, आईनंच लपवलेलं असतं.

साप पकडणं मंडळाच्या कामात घेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं आणि बिनविषारी धामण, कवड्या, दिवड यांची ओळख जरूर शिका. पण पकडायला वन विभागाकडं नोंद असलेल्या सर्पमित्रालाच बोलवा. फेरीत कोणाला दंश झाला तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, देवळात न्यायचं नाही. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. ते कुठलं, हे मंडळ काढायच्या आठवड्यातच विचारून ठेवा.

ग्रामसभा

दोन वर्षांची वही झाली की गावापुढं जा. ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. विषय आठवडाभर आधी ग्रामसेवकाकडं लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. आयत्या वेळचे विषय बोलण्यातच जातात.

जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. बऱ्याच गावांत समिती कागदावर असते आणि नोंदवही दुसऱ्या गावाची नक्कल. आमच्या शेजारच्या एका गावाच्या नोंदवहीत समुद्री मासे होते! तुमची वही खरी आहे, ती समितीपुढं ठेवा, जुनी नोंदवही दुरुस्त करून घ्या आणि मंडळातला एक जण समितीवर जाईल असं बघा. मग ठराव मागा, तोही एवढासाच: अमुक गटातल्या गायरानात मार्च ते जून जेसीबी नाही, मुरूम नाही. 'गाव जैवविविधतासंपन्न करणे' असला ठराव टाळ्या वाजवून मंजूर होतो आणि त्याचं पुढं काही होत नाही.

मुरुमाचे ट्रॅक्टर स्वतः अडवू नका. तारीख, वेळ, गट नंबर लिहून तहसीलदारांना अर्ज द्या आणि पोच घ्या. शिकार दिसली तरी तसंच: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, कारवाई वन विभागाची. आपण १९२६ ला कळवायचं आणि जागा नीट सांगायची. घरट्याचा, बिळाचा किंवा लांडग्याच्या पिल्लांचा फोटो जागेच्या नावासकट ग्रुपवर टाकणारा सदस्य असेल तर त्याला एकदा समजवा, दुसऱ्यांदा काढून टाका. यात मी मवाळ नाही.

नोंदणी आणि पैसा

तिसऱ्या वर्षी गरज वाटली तर नोंदणी करा. सात सभासद लागतात, संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात अर्ज होतो. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून भरावा लागतो. ते करणारा माणूस नसेल तर नोंदणीच्या भानगडीत पडू नका, ग्रामपंचायतीच्या समितीतून बरंच होतं.

खर्च म्हणाल तर वह्या, पेनं, एक दुर्बीण, पोती, सुतळी, बांबू. वहीच्या दोन प्रती ठेवा, एक शाळेत आणि एक मामांच्या घरी. दर महिन्याला पानांचे फोटो काढून ठेवा, आमची एक वही पावसात भिजून सहा महिने गेले. फेरीनंतरचा चहा ज्याचा त्यानं द्यायचा, मामांचा मात्र मंडळाकडून. ते आता फेरीत मोजणी करतात आणि कोणी घाईनं आकडा सांगितला की थांबवून विचारतात, "काय मोजायलाव सर, का अंदाजच हानायलाव?"